एस्तेरचा रविवार

गेल्या आठवड्यात कारखान्याचं धुराडं पेटलं. आता चार-पाच महिने आमच्या इस्लामपूर-कराड रस्त्याला झोप नाही. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर कर्कश वाजणारी गाणी, चाकांखाली चिरडलेल्या उसाचा चिकट गोडवा. वारा फिरला की मळीचा आंबट वास थेट स्वयंपाकघरात येतो आणि आई खिडकी लावून घेते. शाळेमागं माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून कबड्डीचं मैदान तयार होतं. ओल्या मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा पडल्या की गावातल्या पोरी चपला काठावर काढून, अनवाणी, त्या रेषांवरून नुसत्याच चालून बघतात.

या हंगामाची मी वर्षभर वाट बघायचे. आता तो आला की मला गावात मान वर करून चालता येत नाही. आणि गंमत अशी, की मला कुणी काही म्हणत नाही. परवा चावडीजवळ एका काकांनी लांबून हाक मारली, "मुक्ताताई, यंदा पत्रक काढताय न्हवं?" मी हसल्यासारखं केलं. दगड मारला असता तर बरं वाटलं असतं.

माझ्या वडिलांचा छोटा छापखाना आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, जिवासाठी पत्रकं. पाण्याच्या वाटपाची, हुंड्याची, अंगात येणाऱ्या बाबांची. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. कागद उलटला की दुसऱ्या बाजूला कुणीतरी कुणालातरी जाब विचारत असायचं. त्यामुळं मला फार लवकर असं वाटायला लागलं, की मोठ्ठा झालेला माणूस म्हणजे जाब विचारणारा माणूस. नऊ वर्षांची असताना मी आईला जाहीर सवाल लिहून दिला होता: आठवड्यातून तीनदा भेंडी का? सवाल क्रमांक दोन: वडिलांना आवडते म्हणून की स्वस्त मिळते म्हणून? आईनं तो कागद चुलीत घातला. वडिलांनी मात्र मला जवळ घेऊन सांगितलं, "सवाल सोपा आणि धारदार पाहिजे." धार मी लक्षात ठेवली.

देवधर्म आमच्या घरात नव्हता. कबड्डीत मात्र मी पक्की भाविक होते. आमच्या मंडळाचा मुलींचा संघ खेळायचा तेव्हा मी पश्चिमेच्या कठड्यावर, गुलमोहराच्या डावीकडं, त्याच दगडावर बसायचे. पहिली फेरी जिंकलेल्या दिवशी अंगावर असलेली ओढणी शेवटपर्यंत धुवायची नाही. उपांत्य सामन्यापर्यंत तिला असा वास यायचा, की शेजारी कुणी बसत नसे. अंधश्रद्धेवरच्या पत्रकाची प्रुफं तपासत असताना वडिलांनी एकदा नाक मुरडून विचारलं, "ही ओढणी धुवायला टाकत का नाहीस?" मी म्हणाले, "साबण संपलाय." एवढं सरळ खोटं मी तोवर कधी बोलले नव्हते.

आणि माझ्या त्या श्रद्धेचं दैवत म्हणजे एस्तेर. गाव तिला येस्तर म्हणायचं.

एस्तेर आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंची मुलगी. सिस्टरबाई वाईकडच्या मिशनच्या दवाखान्यात शिकून इथं आल्या आणि इथल्याच झाल्या. माझ्यासकट अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलं. एस्तेर माझ्याच वर्गात होती. बारीक, सावळी, वेणी बनियनच्या आत खोचलेली. चढाईला निघाली की मध्यरेषेवर क्षणभर वाकायची, आणि मग तिचा "कबड्डी-कबड्डी"चा दम एवढ्या खालच्या आवाजात सुरू व्हायचा, की वाटावं कुणीतरी लांबच्या घरात दळतंय. तिचा दम तुटत नसे. समोरच्या सात जणी साखळी करून पुढं सरकायच्या आणि ती त्यांच्यातून कशी निसटायची ते तिच्या पायांनाच ठाऊक. मी कठड्यावर उभी राहून घसा फोडायचे. दुसऱ्या दिवशी घरात खुणांनी बोलायचे.

बारावीनंतर ती वर्षभर बंगळूरला मामेबहिणीकडं राहिली, कामाला. परत आली ती वेगळी होऊन. तिकडं छातीवर काळ्या पट्टीवर नाव लिहिलेल्या दोन धर्मप्रचारक मुली तिला भेटल्या, त्यांच्याबरोबर ती प्रार्थनेला गेली आणि मॉर्मन झाली, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका पंथाची. आम्हाला तो शब्दही नवा होता. आम्हाला पहिल्यांदा कळलं ते एवढंच, की येस्तर चहा पीत नाही. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. दारू-तंबाखूचं कुणाला काही वाटलं नाही, पण चहा! आमच्याकडं पाहुण्यानं चहा नाकारला तर तो भांडायला आलाय असं धरतात. माझी आई गोंधळून विचारायची, "बरं, नुसत्या दुधात टाकू का पत्ती?" एस्तेर हसून म्हणायची, "काकू, गरम पाणी द्या. कपात द्या, म्हंजे चहाच प्याल्यागत वाटतंय."

तिच्या आईला हे पटलं नव्हतं. त्यांच्या जुन्या चर्चच्या पाळकांनी भर प्रवचनात सांगितलं, की ते लोक ख्रिस्ती नव्हेतच, त्यांनी शास्त्राला आणखी एक पुस्तक जोडलंय. म्हणजे गावाच्या लेखी ती ख्रिस्ती, आणि ख्रिस्त्यांच्या लेखी नाही. मी तेव्हा ख्रिस्ती धर्माचा इतिहास फोनवर वाचायचे. येशूनंतर तीनशे वर्षांनी धर्मगुरूंची मोठी सभा भरली आणि बाप आणि पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत की नाहीत यावर ठराव झाला. ज्यांना तो मान्य नव्हता त्यांना हद्दपार केलं. मला आमच्या कारखान्याची वार्षिक सभा आठवली. "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर, आणि विरोध करणारा दाराबाहेर. हे मी एस्तेरला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. तिच्या पंथालाही तो ठराव मान्य नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं.

मॉर्मन लोकांचंही मी पुष्कळ वाचलं. त्यांचा पहिला पैगंबर, त्याच्याविरुद्ध लिहिणारा छापखाना त्यानं मोडायला लावला ती गोष्ट, मग जमावानं तुरुंगात घुसून केलेला त्याचा खून, ऐन हिवाळ्यात गावं सोडून पश्चिमेला निघालेली माणसं. छापखान्याच्या गोष्टीवर मी थांबले. छापखानेवाल्याची मुलगी! मला भांडायला कोलीत मिळालं. माणसं वनवासात निघाली होती त्यावर मी थांबले नाही. नदीवर मी पाणी प्यायला गेलेच नव्हते, दगड वेचायला गेले होते.

मैदानाच्या कठड्यावर आमची भांडणं व्हायची.

"तुमच्यात काळ्या माणसांना पुरोहित होता येत नव्हतं. कितीतरी वर्षं. ठाऊक आहे?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय? चुकलंच त्येंचं. वाचून रडले मी."

"आणि एकेकाला दहा-दहा बायका?"

"ते बी ठाऊक हाय. मुक्ते, तुज्या बाबांच्या चळवळीत समदी धुतल्या तांदळाची हैत का गं? तरी जातेसच की तू मोर्चाला."

मी विषय बदलला. "आणि इथं तुमचं कुणीच नाही. रविवारी करतेस काय?"

"घरी बसते. वाचते. फोनवर लागलं तर तिकडची प्रार्थना ऐकते."

"एकटीच?"

"कोण नसलं तरी रविवार असतोयच की."

याच हंगामात आमच्याकडं हेळवी येतो. बैलावर बसून, घंटा वाजवत. घराण्याची वंशावळ हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. अंगणात बसून तो खापरपणज्यापासून नावं म्हणत येतो आणि शेवटी घरातल्या तान्ह्या पोराचं नाव विचारून जोडून घेतो. माझ्या नास्तिक वडिलांनासुद्धा तो आला की पायलीभर ज्वारी द्यावीशी वाटते. त्या वर्षी तो आला तेव्हा एस्तेर आमच्या पायरीवर बसली होती. तो नावं म्हणत होता आणि ती ऐकत होती, चढाईआधी मध्यरेषेवर ऐकावं तशी. तो गेल्यावर म्हणाली, "आमच्यासाठी कोण येत न्हाई. आज्जीच्या आईच्या पलीकडं आमाला कोण ठाऊकच न्हाई."

मग तिनं सांगितलं, की त्यांच्या पंथात पूर्वजांची नावं शोधणं हे पुण्याचं काम. गेलेल्यांची नावं शोधायची आणि त्यांच्या वतीनं बाप्तिस्मा घ्यायचा.

"मेलेल्यांना बाप्तिस्मा?" मी म्हणाले. "त्यांना विचारलं का कुणी?"

"त्येच तर. आपुन नुसतं दार उघडायचं. आत यायचं का न्हाई त्ये त्येंनी ठरवायचं. नको म्हणाय त्येंना मोकळीक हाय."

एका बुधवारी आम्ही दोघी एसटीनं वाईला गेलो. तिथल्या जुन्या चर्चमध्ये जन्म-मृत्यू-बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत असं सिस्टरबाईंच्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. कपाट उघडून देणाऱ्या बाईंनी आधी आम्हाला हात धुवायला लावले. मग एक मोठी वही टेबलावर ठेवली. तपकिरी शाई, टाकाचं वळणदार बाळबोध अक्षर, पानांना कापरासारखा वास. तीन तास गेले. एस्तेरची पणजी सापडली, आणि तिच्या नावाशेजारी तिच्या आईचा संदर्भ. दुसरी वही. दुपार उलटली. आणि मग ती ओळ आली. मार्था. मूळ नाव धोंडी. वय अंदाजे सात. आईबाप दुष्काळात वारले. अन्नछत्रातून आणली.

एस्तेरनं त्या ओळीवर बोट धरलं, कागदाला न लावता. "धोंडी," ती म्हणाली. मग पुन्हा, "धोंडी. आमच्या घरात ह्ये नाव कुणीच कवा घेतलेलं न्हाई."

मी माझ्या फोननं त्या पानाचा फोटो काढला. तिचं बोट त्या ओळीवरून हलेना म्हणून.

घाटावर बसून आम्ही आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. कृष्णेचं पाणी पायऱ्यांच्या बरंच खाली गेलं होतं. एस्तेर पाण्याकडं बघत म्हणाली, "सात वर्षांची हुती. तवा तिला कुणी विचारलं नसंल, तुला पायजे का म्हणून. आता मी इचारणार."

परतीच्या एसटीत, उंब्रज मागं गेल्यावर, ती मला म्हणाली, "मुक्ते, स्पर्धेचा फॉर्म तूच भरतेस न्हवं? त्यात लिव, रविवार देवाचा, त्या दिशी मी खेळणार न्हाई. शनिवारपर्यंत जीव टाकते. अण्णास्नी सांग, म्हंजे दुसरी पोरगी तयार ठेवतील."

अण्णा म्हणजे आमच्या मंडळाचे सचिव. मी म्हणाले, "सांगते."

मी सांगितलं नाही. अंतिम सामना दरवर्षी रविवारीच असतो, कारखान्यातल्या लोकांना सुट्टी म्हणून. सांगितलं असतं तर अण्णांनी तिला संघातच घेतलं नसतं, शिराळ्याकडची एखादी चढाईपटू आणली असती. मला एस्तेर हवी होती. माझ्या दगडावरून, माझ्या न धुतलेल्या ओढणीत, मला तीच बघायची होती. आणि मनात कुठंतरी खात्री होती, की अंतिम सामना समोर दिसल्यावर ती नाही म्हणणार नाही. कोण म्हणेल? भाविकाला देव हवा असतो, देवाला काय हवं ते विचारायची पद्धत नाही.

शनिवारी दुपारी उपांत्य सामना झाला. शेवटच्या चढाईला आम्ही दोन गुणांनी मागं होतो. एस्तेर गेली. डावा कोपरा, उजवा कोपरा, मग एकदम मधोमध. तिघींना घेऊन ती परत आली तेव्हा तिचं अर्धं अंग मध्यरेषेच्या अलीकडं होतं आणि पलीकडचा पाय अजून कुणाच्या तरी हातात. मी कठड्यावरून उडी मारली ती थेट मैदानात.

हळद उधळून झाली. ढोपरावरची माती पुसत एस्तेर मंडळाच्या लोकांसमोर म्हणाली, "उद्या मी न्हाई. मुक्तानं सांगितलंय न्हवं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. संघातल्या पोरींनी बघितलं. मी माझ्या चपला शोधत होते. चपला पायातच होत्या.

"ह्ये काय नवीन काढलं?" अण्णा म्हणाले.

एस्तेरनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग पिशवी उचलली आणि गेली. "हिला सांगितलं होतं" एवढे तीन शब्द तिच्याजवळ होते. तिनं ते वापरले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही कधी.

माणसाला लाज वाटली की तो खाली बसतो असं पुस्तकात लिहितात. मला लाज वाटली आणि मी उठून लिहायला बसले. संध्याकाळभर लिहिलं. वडील सभेसाठी साताऱ्याला गेले होते. रविवारी सकाळी सहाला मी मशीन सुरू केलं आणि नऊपर्यंत पत्रक गावात होतं. "जाहीर सवाल." एकूण सात. गावापेक्षा परदेशी पंथ मोठा का? पैगंबरानं छापखाना का मोडला? काळ्या माणसांना दार बंद का होतं? एवढ्यावर थांबले असते तर ते निदान सवाल होते. पण मला धार हवी होती. सातव्या सवालात मी लिहिलं: "मूठभर धान्यासाठी खापरपणजीनं धर्म बदलला, मग खापरपणतीनं ऐनवेळी गाव बदललं तर नवल काय?"

हे वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. एवढी खूश झाले होते.

खाली माझं नाव होतं. त्याच्याखाली, कायद्याप्रमाणं, आमच्या छापखान्याचं.

सामना आम्ही हरलो. गर्दीनं माझं वाक्य उचललं. आमच्या मुलीची चढाई फसली की कुणीतरी ओरडायचं, "मूठभर धान्य!" आणि कठडाभर हशा. सिस्टरबाईंचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. घोषणा मैदानाच्या या टोकाला मला जेवढ्या ऐकू येत होत्या, त्याहून तिथं जास्त स्पष्ट ऐकू जात असणार. ती आत बसली असेल. वाचत असेल. माझ्या अंगावर तीच ओढणी होती, आणि तिचा वास मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

सोमवारी सकाळी सिस्टरबाई छापखान्यात आल्या. वडील परतले होते. त्यांनी खुर्ची दिली, बाई बसल्या नाहीत. पत्रकाची घडी उलगडून त्यांनी मला विचारलं, "हे धान्याचं तुला कुठं कळलं?"

मी पावतीपुस्तकांचा गठ्ठा सरळ करायला लागले.

"एस्तेरनं तुला वाईला नेलं होतं. माझ्या आधी तिनं ते पान तुला दाखवलं. मला राग आला होता, आईआधी मैत्रीण का म्हणून. हे पत्रक वाचून रागसुद्धा नाही आला." त्यांचा आवाज इंजेक्शन देताना असतो तेवढाच शांत होता. "लिहिलंयस ते खोटं नाही, मुक्ता. धान्य मिळालं होतं. सात वर्षांची होती. तू काय केलं असतंस?"

वडील मध्ये म्हणाले, "बाई, मी..."

"तुम्ही काही बोलू नका, भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी वाटायचे ती आपण दोघांनीही खाल्लीय. तुम्हाला कुणी विचारलं नाही तुम्ही कशाच्या बदल्यात खाल्ली."

त्या गेल्यावर वडिलांनी पत्रक वाचलं. दोनदा. मग चष्मा काढून म्हणाले, "भाषा चांगली आहे." आणि मशीनवर फडकं टाकून बाहेर निघून गेले. त्या दिवशी त्यांनी कसलंच काम केलं नाही.

एस्तेर गावाच्या मैदानात पुन्हा उतरली नाही. साताऱ्यात एका शाळेत खेळ शिकवायची नोकरी तिला मिळाली. गावात मात्र तिची एक गोष्ट तयार झाली. दर हंगामात, नव्या पोरी सरावाला आल्या की कुणीतरी सांगतंच, "येस्तरगत ऐनवेळी दगा देऊ नका." मी तीन वर्षं हे ऐकतेय. मधल्या काळात मी बरंच लिहिलं. मासिकांतून लेख आले, एका कार्यक्रमात माझा निर्भीड लेखिका म्हणून सत्कार झाला. शाल अंगावर पडली तेव्हा खांदे एवढे जड झाले, की घरी येऊन ती मी कुत्र्याच्या अंथरुणात घातली.

धुराडं पेटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला गेले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शाळेचं मैदान. एस्तेर पोरींना पकड शिकवत होती. "गुडघा धर, कापड न्हाई. कापड फाटंल, गुडघा फाटत न्हाई." पोरी खिदळत होत्या. मला बघून तिनं शिट्टी दुसऱ्या पोरीच्या गळ्यात घातली.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माफ कवाच केलंय. आमच्यात माफ करायची सक्तीच हाय, त्यात तुजं काय कौतुक न्हाई. लय जड गेलं. पयल्या वर्षी त्येच्यासाठी किती उपास केले ठाऊक हाय?"

"मी काय करू, सांग."

"मला कशाला इचारतेस? मला काय झालं त्ये मला ठाऊकच हाय. पत्रक तू गावात वाटलंवतंस, साताऱ्यात न्हाई." तिनं ढोपराची माती झटकली. "आनि ह्ये पुण्यामुंबईच्या मासिकात लिवू नको आधी. तितं समदी वा वा करतील."

म्हणून तुम्ही आज जो लेख वाचताय, तो दुसरा आहे. पहिला मजकूर एका पानाचा होता. तीनशे प्रती मी स्वतः छापल्या. त्यात एवढंच: एस्तेरनं मला पंधरा दिवस आधी सांगितलं होतं, मी ते दडवलं, आणि तिच्या विश्वासानं माझ्या हाती आलेलं पान मी तिच्याविरुद्ध वापरलं. विशेषण एकही नाही. वडिलांनी वाचलं आणि या वेळी भाषेबद्दल काही म्हणाले नाहीत. स्वतःच कागद मोजायला लागले.

परवा स्पर्धेचा पहिला दिवस होता. वाटण्याआधी मी एक प्रत अण्णांना दाखवायला गेले. ते माईकची वायर ओढत होते. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी सगळं वाचलं.

"ह्यात नवं काय हाय?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"येस्तर आलीवती की माझ्याकडं. सामन्याआधी आठ दिस. म्हणली, मुक्तानं सांगितलं असंल, पर मी बी सांगून ठेवते. म्या म्हणलं, बघू. वाटलं, ऐनवेळी खेळंल पोरगी, जातीया कुठं?"

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर गप्प का राहिलात?"

"तू का ऱ्हायलीस?"

 अण्णांनी वायरीला चिकटपट्टी गुंडाळली आणि दातानं तोडली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती.

"संघातल्या पोरींस्नी ठाऊक हुतं. त्येंच्या घरात ठाऊक हुतं. समद्यास्नी ठाऊक हुतं गं पोरी. पर हरल्यावर गावाला कुणीतरी लागतंयच. आमाला बोलाय काय सुचत न्हवतं. तू लिवलंस, लय बरं पडलं. आनि लिवलंवतंस बी झ्याक."

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते माईककडं गेले.

मी कठड्याच्या पायरीवर गठ्ठा सोडला. पिशवीतून पेन काढलं आणि पहिल्या प्रतीच्या तळाशी, छापील मजकुराखाली, हातानं लिहिलं: "हे गावाला तेव्हाही ठाऊक होतं. तरी आपण सगळे ओरडलो." मग दुसरी प्रत. मग तिसरी. लोक येत होते, जागा धरत होते. एक बाई म्हणाली, "आगं, सरक की जरा, दिसंना." मी सरकले. शाई वाळायच्या आधी कागद एकमेकांना चिकटत होते, म्हणून ते गुडघ्यावर पसरून ठेवत होते.

शिट्टी झाली. माझ्या साठ प्रती झाल्या होत्या आणि हात भरून आला होता. मागं कुण्या पोरीचा दम सुरू झाला, कबड्डी-कबड्डी, आणि कठडा उठून उभा राहिला. मी मैदानाकडं पाठ करून लिहीत राहिले.